हिंदनगरचा पहारा

खंडाळा तालुक्यातल्या तरुणाला मराठा पलटणीत जायचे तर एके काळी वाट ठरलेली असे. लोणंद स्टेशन गाठायचे, मिरजेकडे जाणारी गाडी धरायची आणि मिरजेवरून बेळगाव. १९२२ पासून मराठा पलटणींचे प्रशिक्षण केंद्र बेळगावातच आहे. नीरा नदीच्या दक्षिणेची ही जमीन, त्यातही तालुक्याचा पूर्व भाग, पावसाच्या भरवशावरचा. घरात दोन-तीन भाऊ असले की एकाने शेती बघायची आणि एकाने पलटणीत जायचे, ही वाटणी सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात सगळ्यांच्या ओळखीची. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला.

या मुलखात लढायांच्या गोष्टी घरोघरी निघतात. मेसोपोटेमिया, इटली, ब्रह्मदेश ही नावे ज्यांनी नकाशा कधी उघडला नाही अशा आजींच्याही तोंडी होती. पण ‘लढाई संपली’ ही बातमी आली म्हणून पलटण घरी आली, असे नेहमी होत नसे. हरलेल्या देशावर पहारा ठेवायचा, शत्रूची शस्त्रे गोळा करायची, कैद्यांना त्यांच्या मुलखात पोचवायचे, दोन भांडणाऱ्या सैन्यांच्या मधल्या पट्टीत उभे राहायचे, ही कामे उरलेली असत. त्यात पदके थोडी मिळतात आणि पोवाडे तर कोणी रचतच नाही. तरीही शिपायाच्या धैर्याची आणि राज्यकर्त्यांच्या शहाणपणाची खरी कसोटी अनेकदा इथेच लागते.

१९४५ ते १९५४ या नऊ वर्षांत मराठी शिपायांनी असे तीन पहारे दिले. पहिला जावा बेटावर, दुसरा जपानात, तिसरा कोरियात. शिपाई त्याच मातीतले, शिस्त तीच, शिकवण बेळगावचीच. तरी जावात रक्ताचे पाट वाहिले, जपानात शांतता राहिली आणि कोरियात एक अवघड पेच पुन्हा युद्ध न पेटता सुटला. फरक शिपायांत नव्हता. त्यांच्या हाती कोणता हुकूम दिला होता आणि ज्या भूमीवर ते उभे होते तिथल्या लोकांनी त्यांचे उभे राहणे किती मान्य केले होते, यात तो होता.

सुराबाया

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली. दोनच दिवसांनी, १७ ऑगस्टला, सुकार्नो आणि हट्टा यांनी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा केली. महायुद्धापूर्वी या बेटांवर डचांचे राज्य होते आणि ते परत यायला उत्सुक होते. जावा-सुमात्राची जबाबदारी मात्र लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडकडे आली होती. माउंटबॅटन यांच्याकडे पाठवायला जे सैन्य होते त्यात बहुसंख्य भारतीयच होते.

काम कागदावर सोपे होते. जपान्यांना निःशस्त्र करायचे, त्यांच्या छावण्यांत अडकलेल्या युद्धबंद्यांना आणि डच बायकामुलांना सोडवायचे. मात्र सुराबायात जपान्यांची शस्त्रे आधीच इंडोनेशियन तरुणांच्या हाती गेलेली होती. ज्यांना निःशस्त्र करायला सैन्य निघाले त्यांच्याकडे शस्त्रे नव्हती आणि ज्यांच्याकडे शस्त्रे होती त्यांच्याशी या सैन्याचे कसलेच वैर नव्हते.

२५ ऑक्टोबर १९४५ रोजी ब्रिगेडियर मॅलबी यांची ४९ वी भारतीय ब्रिगेड सुराबाया बंदरात उतरली. तिच्या तीन पलटणींपैकी दोन मराठा होत्या, चौथी आणि सहावी. शहरातल्या लोकांच्या मनात एकच शंका होती: हे डचांना परत गादीवर बसवायला आलेत का? मॅलबी यांनी दुसऱ्याच दिवशी स्थानिक नेत्यांशी बोलणी करून समझोता केला. इंडोनेशियनांनी आपली शस्त्रे बाळगावीत, ब्रिगेडने आपले कैदी सोडवण्याचे काम करावे. इथपर्यंत सारे ठीक चालले होते.

२७ तारखेला जाकार्ताकडून एक विमान आले आणि त्याने शहरावर पत्रके टाकली. शस्त्रे ४८ तासांत खाली ठेवा, नाहीतर गोळी घातली जाईल, असा त्यांतला मजकूर. ब्रिगेडच्या वरच्या डिव्हिजनच्या मुख्यालयाने हा हुकूम मॅलबी यांना न विचारता काढला होता. आदल्या दिवशी दिलेला शब्द वरून आलेल्या एका कागदाने खोटा ठरवला. खालच्या अधिकाऱ्याने लोकांशी बोलून जोडलेला विश्वास वरच्या कार्यालयातून कसा तुटतो, याचे याहून ढळढळीत उदाहरण सापडणे कठीण आहे.

२८ तारखेला शहर उठले. चारएक हजारांची ब्रिगेड इमारती, गोदामे, दवाखाने अशा लहान लहान ठाण्यांवर विखुरलेली होती. हजारो शस्त्रधारी तरुण आणि त्यांच्यामागे प्रचंड जमाव चालून आला. डच बायकामुलांना घेऊन निघालेल्या लॉऱ्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला, तेव्हा त्यांच्या संरक्षणासाठी झुंजत मेले ते भारतीय शिपाई. अनेक ठाण्यांवरचा दारूगोळा संपला आणि तिथले जवान कापले गेले. सुकार्नो यांना विमानाने आणून युद्धविराम करावा लागला. तो अमलात आणण्यासाठी शहरात फिरत असतानाच ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी मॅलबी मारले गेले. त्याचा सूड म्हणून पाचवी भारतीय डिव्हिजन उतरवण्यात आली. १० नोव्हेंबरला समुद्रातून आणि आकाशातून सुराबायावर मारा सुरू झाला, तो सुमारे तीन आठवडे चालला. इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा आजही वीरांचा दिवस म्हणून पाळला जातो.

इकडे भारतात काँग्रेसने आणि नेहरूंनी भारतीय सैन्याच्या या वापराचा कडाडून निषेध केला. एका गुलाम देशाचे सैन्य दुसऱ्या देशाची स्वातंत्र्याची चळवळ दडपायला वापरले जात होते, त्यामुळे तो निषेध योग्यच होता. पण त्या निषेधात सुराबायाच्या गल्ल्यांत पडलेल्या शिपायांची आठवण फारशी राहिली नाही. इंडोनेशियाच्या इतिहासात ते आक्रमक ठरले आणि भारताच्या इतिहासात त्यांना जागाच मिळाली नाही. ज्याने हा पहारा स्वतः निवडला नव्हता त्या शिपायावर दोन्हीकडून अन्याय झाला.

शिमानेचा किनारा

काही महिन्यांनीच आणखी एक मराठा पलटण पूर्वेला निघाली. ही पहिली मराठा पलटण नुकतीच इटलीतून आली होती. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी जर्मन मशिनगनच्या माऱ्यात जखमींना पाठीवर वाहून आणणारे आणि मग एकट्याने मशिनगनची ठाणी बंद पाडणारे शिपाई नामदेव जाधव याच पलटणीचे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी त्यांची पलटण राष्ट्रकुलाच्या ताबा सैन्याबरोबर जपानात उतरली. अणुबाँबने उद्ध्वस्त झालेले हिरोशिमा या सैन्याच्या हद्दीतच होते, आणि ज्या कुरे बंदरात सैन्य उतरले तिथून ते फार दूर नव्हते.

मराठा, पंजाब आणि गुरखा अशा तीन पलटणींच्या २६८ व्या ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर कोडेंदेरा थिमय्या. कूर्गचे हे अधिकारी या प्रकरणात पुन्हा भेटणार आहेत. ब्रिगेडच्या वाट्याला जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा शिमानेचा भाग आला. दारूगोळ्याचे साठे शोधून नष्ट करायचे, परदेशांतून परतणाऱ्या जपानी सैनिकांवर लक्ष ठेवायचे, कोरियातून चोरून येणाऱ्या होड्या अडवायच्या, असे काम होते. टोकियोत सम्राटाच्या राजवाड्याबाहेरच्या पहाऱ्यातही भारतीय शिपायांचा वाटा होता. ज्या जपान्यांशी ब्रह्मदेशात जीव खाऊन लढाई झाली, त्यांच्याच राजाच्या दारात भारतीय शिपाई संगीन रोखून उभा होता.

जपानात सुराबायासारखे काही घडले नाही, त्याला कारणे होती. सम्राटाने स्वतः रेडिओवरून लोकांना शरणागती सांगितली होती. जपानचे सरकार, पोलीस आणि कचेऱ्या मोडल्या नव्हत्या, त्यांच्याकडूनच काम करून घेतले जात होते. सर्वोच्च हुकूम एकाचाच चाले, जनरल मॅकआर्थर यांचा. राष्ट्रकुल सैन्याला मुलकी कारभारात हात घालायची मुभा नव्हती. अधिकार कमी, पण जे होते ते स्वच्छ.

तरी सगळे गोड नव्हते. जपानी लोकांशी मिसळू नका, त्यांच्या घरी जाऊ नका, असा कडक हुकूम होता. उपाशी लोकांच्या देशात भरल्या पोटाने पहारा करायचा आणि शेजाऱ्याशी बोलायचेही नाही, हे शिपायांना जड जाई. शिवाय स्वतःचा देश स्वतंत्र होत असताना दुसऱ्याच्या देशावरचा ताबा सांभाळायचा, हेही मनाला पटणारे नव्हते. १९४७ मध्ये भारतीय तुकड्या परत आल्या.

पाच देशांचा आयोग

तिसरा पहारा सगळ्यांत विलक्षण होता. त्यात जिंकणारा कोणी नव्हता, हरणाराही नव्हता आणि पहारेकरी आता स्वतंत्र देशाचे होते.

कोरियात २५ जून १९५० रोजी पेटलेले युद्ध वर्षभरातच एका जागी अडकले. युद्धविरामाची बोलणी सुरू झाली, पण ती युद्धकैद्यांच्या प्रश्नावर दीड वर्ष रखडली. १९४९ च्या जिनिव्हा कराराने युद्ध थांबताच कैद्यांना विनाविलंब मायदेशी सोडा असे सांगितले होते. मात्र अमेरिकेच्या बाजूने पकडलेल्या चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांतले हजारो म्हणत होते, आम्हाला परत जायचे नाही. त्यांतल्या कित्येकांना छावणीतल्या दांडगाईने तसे म्हणायला लावले आहे, असा चीनचा आरोप. ज्याला जायचे नाही त्याला बळाने पाठवणार नाही, असा अमेरिकेचा हट्ट. या एका मुद्द्यापायी आघाडीवर रोज माणसे मरत होती.

वाट काढली ती भारताने. १९५२ च्या अखेरीस व्ही. के. कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव मांडला, की या कैद्यांना तटस्थ देशांच्या ताब्यात द्यावे आणि बळजबरी कोणीच करू नये. बराच वाद होऊन पुढे हीच कल्पना मान्य झाली. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत अशा पाच देशांचा आयोग नेमला गेला. अध्यक्षपद भारताकडे आले आणि कैदी सांभाळायला सैन्य द्यायचे तेही फक्त भारताने. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम इथे युद्धविरामावर सह्या झाल्या.

आयोगाचे अध्यक्ष झाले थिमय्या, आता लेफ्टनंट जनरल. भारतीय रक्षक दलाचे प्रमुखपद मिळाले मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांना. थोरात कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. सँडहर्स्टमध्ये शिकून १९२६ साली ते अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानात कांगॉच्या लढाईत थोरात आणि थिमय्या शेजारशेजारच्या पलटणींचे प्रमुख होते आणि तिथल्या पराक्रमासाठी दोघांनाही डीएसओ हा सन्मान मिळाला. एकमेकांना ओळखणारे हे दोघे कोरियात एकत्र आले, हे भारताचे मोठे भाग्य. दलात वेगवेगळ्या रेजिमेंटांच्या पलटणी होत्या. त्यांत दुसरी पॅरा, म्हणजे पूर्वीची तिसरी मराठा, हीही होती. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून धारातीर्थी पडलेले माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे याच पलटणीचे.

अडचणी पोचण्यापूर्वीच सुरू झाल्या. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना हा करारच मान्य नव्हता. जूनमध्ये त्यांनी आपल्या ताब्यातल्या छावण्यांची दारे उघडून सुमारे २७ हजार कैदी परस्पर सोडून दिले होते. भारतीय सैन्याचे पाऊल आमच्या मातीवर पडू देणार नाही, असेही त्यांनी बजावले. शेवटी इंचॉनच्या समुद्रात थांबलेल्या जहाजांवरून सुमारे सहा हजार भारतीय सैनिकांना अमेरिकन हेलिकॉप्टरांनी उचलले आणि थेट दोन सैन्यांमधल्या चार किलोमीटर रुंदीच्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवले. पाहुण्याने अंगणातही पाय ठेवू नये असे यजमानच म्हणत असताना त्याच्या घरातले भांडण मिटवायला जायचे होते. या पट्ट्यात भारतीय छावणी उभी राहिली. तिचे नाव हिंदनगर.

ताब्यात आलेले कैदी होते दक्षिणेकडून २२,६०४, त्यांत १४,७०४ चिनी. उत्तरेकडून आले ३५९, त्यांत २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश. करारानुसार ९० दिवस दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी कैद्यांना भेटून मायदेशी येण्याविषयी समजावायचे, निर्णय कैद्याने घ्यायचा. बळजबरी कोणी करायची नाही. जो जाणार नाही त्याच्या भवितव्याचा विचार पुढे राजकीय परिषदेने करायचा. ती परिषद भरलीच नाही, ही पुढची गोष्ट.

काटेरी तारेच्या आत

२५ सप्टेंबर १९५३ रोजी चिनी कैद्यांच्या एका कुंपणात रक्षक दलाचे मेजर ग्रेवाल यांना कैद्यांनी धरून ठेवले. वर्षभरापूर्वी कोजे बेटावरच्या छावणीत असाच प्रसंग घडला होता. अमेरिकेचे ब्रिगेडियर जनरल डॉड यांना कम्युनिस्ट कैद्यांनी ओलीस धरले होते आणि त्यांची सुटका होईपर्यंत अमेरिकन सैन्याची जगभर नाचक्की झाली होती. ती गोष्ट कोरियातल्या प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत होती.

थोरात यांच्यासमोर दोन रस्ते होते. पलटण बोलावून कुंपण फोडायचे तर मेजर मारला जाण्याची भीती आणि शेकडो निःशस्त्र कैद्यांवर गोळीबार होण्याची खात्री. असे झाले असते तर तटस्थ आयोग पहिल्याच आठवड्यात कोसळला असता. थोरात यांनी दुसरा रस्ता धरला. ते स्वतः दार उघडून आत गेले, हाती शस्त्र न घेता. भोवती ओरडणाऱ्या, हाताची मूठ उगारणाऱ्या कैद्यांचा गराडा. थोरात बोलत राहिले, ऐकत राहिले, आवाज चढू दिला नाही. अखेर मेजर ग्रेवाल यांना घेऊन ते बाहेर आले. एकही गोळी झाडली गेली नाही. कोरियातल्या सेवेसाठी त्यांना पुढे दुसऱ्या श्रेणीचे अशोकचक्र देण्यात आले. रणांगणावर धावून जाणाऱ्याइतकेच धैर्य त्या दारातून आत पाऊल टाकायला लागले होते, आणि आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांत हा प्रसंग असायला हवा होता.

दर वेळी असे साधले नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत कैद्यांनी तारा तोडून उसळी मारली तेव्हा भारतीय पहारेकऱ्यांना गोळी झाडावी लागली आणि तीन कैदी मेले. सोलमध्ये भारताविरुद्ध गदारोळ उठला. भारतीय सैन्यावर चालून जाऊ, अशा धमक्याही आल्या. दलाने त्यानंतर आणखी संयम धरला.

खरी अडचण कुंपणाच्या आत होती. कैद्यांच्या छावण्यांत संघटना होत्या, त्यांचे पुढारी होते, तैवान आणि सोलशी त्यांचे धागे होते. मायदेशी जायचे म्हणणाऱ्याला रात्री तंबूतच ठार मारल्याची प्रकरणे घडली. भारतीय अधिकाऱ्यांनी खुनाच्या तपासासाठी कैद्यांना पकडले तर साक्ष द्यायला कोणी पुढे येईना. त्यात भाषेची अडचण. चिनी आणि कोरियन समजणारे दुभाषे हवे तितके नव्हते.

समजावण्याचे काम १५ ऑक्टोबरला सुरू झाले. त्यासाठी उभारलेल्या तंबूला दोन दारे. एका दाराने बाहेर पडले की मायदेश, दुसऱ्याने पडले की पुन्हा छावणी. आत टेबलामागे चिनी प्रतिनिधी, बाजूला पाच देशांचे निरीक्षक, एका कोपऱ्यात दुसऱ्या बाजूचे प्रतिनिधी. भारतीय जवान कैद्याला दोन्ही बाजूंनी धरून आत आणत, कारण बरेच कैदी आत येताच समोरच्यावर धावून जात, थुंकत, खुर्ची उचलून फेकत, ‘तैवान! तैवान!’ असे ओरडत. काही गप्प बसून ऐकत आणि मग दाराकडे बघत उभे राहत. एखाद्याला समजावणे मिनिटात आटपे, एखाद्याला काही तास लागत. चिनी प्रतिनिधी मुद्दाम वेळ लावतात अशी अमेरिकेची तक्रार. कैदी बाहेर यायलाच नकार देतात, त्यांना बाहेर काढा, ही चीनची तक्रार. कुंपणात घुसून बळाने बाहेर ओढायचे का, या प्रश्नावर पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया एकीकडे, स्वीडन आणि स्वित्झर्लंड दुसरीकडे. थिमय्या यांचे मत निर्णायक ठरले: बळ वापरायचे नाही.

९० दिवसांपैकी समजावण्याचे काम प्रत्यक्षात चालले दहाच दिवस. बहुतेक कैद्यांपर्यंत ते पोचलेच नाही. कोरियातला हिवाळा आला, पारा शून्याच्या खूप खाली उतरला. रात्रभर तारेबाहेर उभ्या असलेल्या जवानाला आतून कुठल्याही क्षणी काय होईल याची कल्पना नसे. २० जानेवारी १९५४ रोजी थिमय्या यांनी उरलेले कैदी दोन्ही बाजूंना परत केले. त्यांना नागरिक म्हणून सोडायचा अधिकार आयोगाला नाही, ते ज्यांनी दिले त्यांच्याकडेच परत, अशी त्यांची भूमिका. दोन्ही बाजू नाराज झाल्या.

अखेरचा हिशेब असा. दक्षिणेकडून आलेल्या २२,६०४ पैकी ६२८ मायदेशी परतले. २१,८३९ परत सोपवल्यावर बहुतेक चिनी तैवानला गेले, कोरियन दक्षिण कोरियात राहिले. ३८ मरण पावले, १३ जणांचा पत्ता लागला नाही. उत्तरेकडच्या ३५९ पैकी १० जण मायदेशी गेले, त्यांत दोन अमेरिकन. २१ अमेरिकनांनी आणि एका ब्रिटिशाने चीनच पसंत केला. आणि दोन्ही गटांतल्या ८८ जणांना कुठल्याच बाजूला जायचे नव्हते. ते भारतीय दलाबरोबर भारतात आले, पुढे त्यांतले बरेच जण दक्षिण अमेरिकेत स्थायिक झाले.

कोणाला वाटेल, ९० दिवसांत दहाच दिवस काम झाले म्हणजे आयोग फसला. तसे म्हणणे बरोबर नाही. या पेचापायी दीड वर्ष युद्ध थांबत नव्हते. भारताने कैदी सांभाळायचे कबूल केले म्हणून ते थांबले. चार महिने हजारो कैदी दोन सैन्यांच्या मध्ये ठेवून युद्ध पुन्हा पेटू दिले नाही, हे हिंदनगरच्या पहाऱ्याचे यश. ते मान्य करायला अमेरिकेला आणि चीनलाही वेळ लागला, पण नाकारता आले नाही.

त्यानंतरचे पहारे

हिंदनगरनंतरचे भारताचे पहारे बहुतेक संयुक्त राष्ट्रांसाठी होते, आणि संयुक्त राष्ट्रांचे स्वतःचे सैन्य नाही. सनदेच्या ४३ व्या कलमात सदस्य देशांनी सुरक्षा परिषदेशी करार करून सैन्य राखून ठेवावे अशी सोय आहे, पण असा एकही करार आजवर झालेला नाही. प्रत्येक वेळी गरज पडली की देशोदेशी हात पसरावे लागतात. त्यामुळे निळ्या टोपीचे सैन्य म्हणजे अनेक देशांच्या पलटणींची मोट. वाहने वेगळी, भाषा वेगळ्या, आणि मागे आपापल्या राजधानीतून येणारे फोनही वेगवेगळे.

संमती काढून घेतली की काय होते ते १९६७ मध्ये दिसले. सुएझच्या युद्धानंतर १९५६ पासून संयुक्त राष्ट्रांचे दल सिनाई आणि गाझात उभे होते, त्यात भारतीयही होते. मे १९६७ मध्ये इजिप्तने ते परत न्या असे सांगितले आणि सरचिटणीस ऊ थांट यांना मान्य करावे लागले. ५ जूनला युद्ध पेटले. परतीच्या तयारीत असलेल्या भारतीय जवानांतले काही इस्रायली माऱ्यात मेले. दलाचे प्रमुख तेव्हा भारताचेच मेजर जनरल इंद्रजित रिखी होते.

काम ठरवून न दिले की काय होते ते बोस्नियात दिसले. मार्च १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातल्या दलाचे पहिले प्रमुख म्हणून गेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. मुंबईत जन्मलेले नंबियार मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी. त्यांचे दल नेमले होते क्रोएशियासाठी. सारायेवो शांत राहील या भरवशावर मुख्यालय तिथे ठेवले आणि काही आठवड्यांतच बोस्नियाचे युद्ध त्याच शहरात पेटले. अन्नाची वाहने सोडवायची, विमानतळ चालू ठेवायचा, वेढ्यातल्या लोकांना वाचवायचे, अशी कामे एकावर एक चढत गेली. त्या प्रमाणात सैन्य आणि अधिकार मात्र वाढले नाहीत. नंबियार यांनी वर्षभराने, मार्च १९९३ मध्ये, ते पद सोडले. जुलै १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ म्हणून जाहीर केलेल्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांवर मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले, तेव्हा निळ्या टोपीचे सैनिक तिथेच होते. सुरक्षित हा शब्द देणाऱ्यांनी तो खरा करण्याइतके सैन्य दिले नव्हते. ठराव करणारे न्यूयॉर्कमध्ये बसतात आणि त्याची किंमत जागेवरचे लोक मोजतात, ही या साऱ्या व्यवस्थेची सर्वांत मोठी खोट आहे.

भारताने आजवर पन्नासच्या आसपास मोहिमांत दोन लाख नव्वद हजारांहून अधिक सैनिक पाठवले आणि त्यांतले सुमारे १८० परत आले नाहीत. सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यांत मात्र भारताला अजून जागा नाही. जो देश माणसे पाठवतो त्याला हुकूम ठरवताना बोलावले पाहिजे, ही भारताची जुनी मागणी आहे. सुराबायाचा इतिहास वाचला तर ती किती रास्त आहे ते कळते.

थोरात यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, म्हणून हिंदनगरची हकिगत अधिकाऱ्याच्या नजरेतून तरी शिल्लक राहिली. त्या थंडीत तारेबाहेर उभ्या राहिलेल्या नाईक-हवालदारांनी, सुराबायातून जिवंत परतलेल्यांनी, शिमानेच्या किनाऱ्यावर होड्या अडवणाऱ्यांनी काय पाहिले, ते फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही. ती पिढी आता जवळजवळ संपली. खंडाळा, कोरेगाव, खटाव, खानापूर, जत या तालुक्यांतल्या घरांत त्यांची डिस्चार्ज बुके, पेन्शनचे कागद, जपानातल्या किंवा कोरियातल्या छावणीत काढलेले फोटो, घरी पाठवलेली पत्रे पत्र्याच्या पेट्यांत असतील. आपल्या घरी असे काही असेल तर ते फेकू नका. त्यावरचे नाव, पलटण, गाव आणि साल आजच वहीत उतरवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याविषयी आठवते ते विचारून त्याखाली लिहा, आणि एक प्रत गावच्या शाळेत आणि एक बेळगावच्या मराठा केंद्राकडे द्या.